वर्षालीचो रंग खंय गेलो?

मालवणच्या मासळी बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या फॅक्टरीला पाठ लावून, सुगंधा तांडेलचा फोटो स्टुडिओ होता. एकच गाळा. मागे पडदा, तोही नुसता राखाडी. कोणी म्हणालं, "गो, मागे जरा काश्मीर तरी लाव," तर ती विचारायची, "काश्मीरात गेल्लंस कधी? नाय मां? मगे बस गप."

ही यशोदा तांडेलणीची थोरली लेक. यशोदा बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची आणि तिच्या तोंडी लागलेलं गिऱ्हाईक सहसा धड परत जात नसे. सुगंधाने आईची पाटी घेतली नाही, तोंड तेवढं घेतलं. शाळा सुटल्यावर एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या काळोख्या खोलीत ती फोटोचे कागद धुवायला राहिली. म्हाताऱ्याची नजर अधू होत गेली तसा कॅमेरा हिच्या हातात येत गेला. स्वतःचं लग्न तिने केलं नाही, दुसऱ्यांची मात्र इतकी काढली की कोळ्यांच्या गाबीतवाड्यात तिच्याशिवाय अक्षता पडत नसत. एकदा भटजींनी तिला हाताने बाजूला सारायला बघितलं. भर मांडवात म्हणाली, "भटजीनु, तुमचो मंत्र परत म्हणाक गावतलो, माझो फोटो परत गावाचो नाय. सरा." भटजी सरले.

अशा बाईच्या दारात दोन हजार सातच्या जूनमध्ये वर्षाली येऊन उभी राहिली. काखेत लग्नाचा अल्बम, आणि चेहरा असा, की रस्त्याच्या कडेला बर्फ फोडणारा पोरगाही हात थांबवून बघत राहिला.

वर्षाली म्हणजे दांडीच्या किनाऱ्यावरच्या गुणाजी मेथराची मुलगी, तिकडच्या बोलीत चेडू. मे महिन्यात शिरोड्याच्या स्वरूपशी तिचं लग्न झालं होतं. नवरा मुंबईला गोदीत, आणि आता तीही त्याच्याबरोबर निघाली होती. रंगाने वर्षाली काळी. सावळी-बिवळी नव्हे, काळी. सावळी हा शब्द लग्नं जमवणाऱ्यांनी पोटासाठी काढलेला आहे. बापाबरोबर होडीवर जाळी सोडवत ती वाढली. भरती उतरल्यावर ओला खडक चमकतो तशी तिच्या तोंडावर चमक होती.

तिने अल्बम टेबलावर आपटला आणि पान उघडलं.

"ह्या कोण गो सुगंधाताई?"

"तू."

"मी? माझो बापूस काल इचारता, ह्या चेडू खंयचा, आणि आमच्या मांडवात कसा इला?"

सुगंधाने वाकून बघितलं. लग्नसराईच्या घाईत कोल्हापूरच्या लॅबमधून आलेलं पार्सल न उघडताच तिने गुणाजीच्या घरी पोचवलं होतं. आता बघते तर लाल शालू नारिंगी, हळद फिकी, आणि वर्षालीचं तोंड तांदळाच्या पिठात घोळवलेल्या सुरमईच्या तुकडीसारखं.

"चतुर्थेक आमी शिरोड्याक येतलों," वर्षाली म्हणाली. "गौरीक माझो पयलो ओवसो, नव्या सुनेचो मान. सुपा घेवन मी गौरीपुढे बसतलंय, आणि सासरची सगळी बायलमाणसा अल्बम मागतली. तेंका मी ह्या पिठाचा तोंड दाखवू? सासूक तर ह्याच आवडला हा. म्हणता, बरी उजळलस. सुगंधाताई, माझा तोंड माका परत दी."

सुगंधाकडे कोणी फुकट फोटो मागितले होते, कोणी तुटलेल्या दाताच्या जागी दात मागितला होता. स्वतःचं तोंड परत मागणारी ही पहिलीच.

"चतुर्थेच्या आधी देतंय," ती म्हणाली. "नाय दिलंय तर ह्यो गाळो बंद. आवशीच्या बाजूक पाटी घेवन बसतंय."

"माझ्या बाजूक नको," यशोदा दारातूनच ओरडली. ती उरलेली मासळी ठेवायला बर्फाच्या फॅक्टरीत आली होती. "एका तोंडान गिरायका कशीबशी टिकतत, दोन तोंडांनी पळतली."

सुगंधाने लगेच कोल्हापूरला फोन लावला. परक्या मुलखात शुद्ध बोलायचं असतं असं लोक सांगतात. सुगंधाने ते कधी मनावर घेतलं नाही. आपली भाषा का खाली ठेवायची?

"चौगुलेनु, माणसांची तोंडा पांढरी कित्याक केलास?"

लॅबचा मालक चौगुले माणूस वाईट नव्हता, पण त्याला सवय होती ती माना डोलावणाऱ्या गिऱ्हाइकांची. "ताई, तोंडं आम्ही सगळ्यांचीच थोडी उजळ करतो. आजवर एक तक्रार नाही."

"ही पयली. लिवन घेवा."

"आणि रंगाचं म्हणाल तर आधी तुमचा मॉनिटर बघा. तुमच्या फायलीच धड येत नाहीत. आमचा ऑपरेटर त्यातनं माणूस शोधून काढतोय, हेच उपकार समजा."

फोन ठेवल्यावर सुगंधा मॉनिटरसमोर बसून राहिली. सतरा इंची, पाठीला कुबड असलेला जुना डबा. त्यावर वर्षाली काळीच दिसत होती. पण हा डबा खरं बोलतो कशावरून? चौगुल्याचं मशीन खोटं की हिचा स्क्रीन खोटा, हे सांगायला तिसरा कोणी नव्हता, आणि साक्षीदाराशिवाय भांडण म्हणजे नुसती बोंब.

शेजारी सिद्धेश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "इतक्या कशाक घाबरतंस? मॉनिटराक बटणा आसत. एक वस्तू घे, तिचो फोटो काड, आणि फोटो नि वस्तू सारकी दिसासर बटणा फिरव. फुकटात काम."

दुसऱ्या कोणी यासाठी रंगीत कागद घेतला असता. यशोदेच्या लेकीने बांगडा घेतला. तिच्या हिशेबाने बरोबरच होतं, बांगड्यात सगळं आहे. पाठ हिरवी, तिच्यावर निळ्या रेघा, पोट चांदीचं, कल्ले लालभडक. सकाळी होडीवरून उतरलेला ताजा बांगडा आणला, फोटो काढला, ताटली मॉनिटरला टेकवून ठेवली आणि बसली बटणं फिरवत. निळा कमी, लाल जास्त, परत निळा. दुपारपर्यंत अशी खटपट करून फोटो आणि बांगडा हुबेहूब जुळवले आणि मोठ्या दिमाखात आईला हाक मारली.

यशोदेने स्क्रीन बघितला. मग ताटलीतला बांगडा उचलून कल्ला वर केला. आत तपकिरी.

"गो, फोटो सकाळचो आणि बांगडो दुपारचो. तू सकाळच्या माशाक दुपारचो रंग लावलंस." ती पोट धरून हसली. "ह्या हिशेबान बिचाऱ्या वर्षालीकय शिळी करून ठेवतलंस."

सुगंधाने बांगडा मांजराला टाकला आणि सिद्धेशला म्हणाली, "तुझा फुकटातला काम झाला. आता इकतचा सांग."

सिद्धेशने दोन दिवस इंटरनेटवर घालवले. मॉनिटर जुळवायचं यंत्र मिळतं, ते स्क्रीनच्या काचेवर चिकटवायचं. कॉम्प्युटर एकेक रंग दाखवतो, यंत्र तो मोजतं, आणि स्क्रीन जेवढा खोटा बोलतो तेवढं सुधारून घेतं. पण यंत्रांतही जाती. मोठं यंत्र स्क्रीनही मोजतं आणि छापलेला कागदही. त्याची किंमत ऐकून यशोदा म्हणाली, "तेतूर होडयेचा इंजिन येता." मधलं यंत्र फक्त स्क्रीनचं, पण सगळं नीट बघणारं. आणि सगळ्यात स्वस्त जे, ते रंग तेवढे सरळ करतं. उजेड किती ठेवायचा ते आपलं आपण बघायचं, आणि कागदाशी त्याचा काही संबंध नाही.

मधलं यंत्र सावंतवाडीच्या भाईंकडे होतं. भाई म्हणजे त्या बाजूचे थोरले फोटोग्राफर. पुतण्याने दुबईहून आणलेलं यंत्र ते अर्ध्या किमतीत द्यायला तयार होते. सुगंधा सिद्धेशला घेऊन गेली.

"वापरूक सुदीक नाय," भाई म्हणाले. "पाच वर्सा कपाटात आसा. नवोकोरो माल."

"भाईनु, पाच वर्सा कपाटात रवलेलो म्हणजे नवो नव्हे. सुक्या माशाक कोण ताजो म्हणता?"

सिद्धेशने वाचलं होतं की या यंत्राच्या आत रंगाच्या बारीक गाळण्या असतात आणि दमट हवेत त्यांचा रंग उतरतो. आपल्याकडे तर कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी धरते. तरी सुगंधा म्हणाली, लावून बघू. भाईंच्याच स्क्रीनवर लावलं. काम संपलं तेव्हा भाईंच्या फोटोतला नवऱ्या मुलाचा पांढरा शर्ट हिरवट झाला होता.

"ह्योच खरो रंग," भाई ठाम होते.

"भाईनु, ह्या शर्टाक शेवाळ धरला."

भाई चिडले. "बायलमाणसाक इतको कशाक काटेकोरपणो? लोकांका गोरा व्हया. गोरा दी, पैसे घी, आणि गप घराक जा."

"चाळीस वर्सा तुमी लोकांका गोरा करतास," सुगंधा पिशवी उचलत म्हणाली. "सावंतवाडी गोरी झाली काय?"

परतीच्या गाडीत सिद्धेश म्हणाला, "आता उरला ता स्वस्तातला. ता अर्धाच काम करता, सुगंधाताई."

"अर्धा खरा चालता. पुरा खोटा नको."

तोवर वर्षाली मुंबईला पोचली होती. तिला फोन केला तशी ती स्वतःच फोर्टात गेली, चार दुकानं पालथी घातली आणि नवं कोरं, सीलबंद यंत्र घेऊन मालवणला निघणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. वर त्याला दम, "हेतूर माझा तोंड आसा. आपटू नको." ड्रायव्हरने ते पार्सल मांडीवर घेऊन आणलं म्हणतात. मांडीवर घेऊन गाडी कशी चालवली ते देवाला ठाऊक.

यंत्र मुठीएवढं, शेपटीला वायर. सिद्धेशने मॉनिटर अर्धा तास तापू दिला, कारण थंड डब्यावर माप घेऊ नये असं लिहिलं होतं. मग यंत्र काचेवर कुर्लीसारखं, खेकड्याच्या पकडीने बसवलं. स्क्रीन लाल झाला, हिरवा झाला, निळा झाला, राखाडीच्या पायऱ्या चढला-उतरला. शेवटी यंत्र काढलं आणि दोघांनी बघितलं.

सगळं पिवळं.

"फसवल्यानी," सिद्धेश म्हणाला. "कावीळ झाली तुझ्या मॉनिटराक."

सुगंधाला निकाल द्यायची घाई नव्हती. "रव. दिसभर हेच्यारच काम करतंय. मगे बघू." दिवसभर त्याच स्क्रीनवर पासपोर्ट फोटो केले. संध्याकाळी सिद्धेशने एक बटण दाबून जुना रंग परत आणून दाखवला. जुना स्क्रीन निळीत बुडवून काढलेल्या धोतरासारखा होता. इतकी वर्षं ती निळीतूनच बघत आली होती. डोळ्याला सवय लागली की निळंसुद्धा पांढरं वाटतं.

म्हणजे निम्मी चूक तिची. दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. सुगंधाने फोन उचलला.

"चौगुलेनु, माझो स्क्रीन निळो होतो. तुमचा बरोबर होता. आता तो सरळ झालो. आता तुमचो नंबर."

यंत्र तिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. चपलांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून दमट ओढणाऱ्या पुड्या गोळा करून त्यात टाकल्या. "भाईंच्या यंत्राची गत हेची होवची नाय." मग वर्षालीच्या लग्नाचा एकेक फोटो तिने पहिल्यापासून परत केला, सीडीवर घातला आणि गगनबावड्याच्या घाटाने एसटीत डोलत कोल्हापूर गाठलं.

लॅबमध्ये ती ऑपरेटरच्या खुर्चीमागेच उभी राहिली. "हात लावचो नाय. मशीनाकय सांगा, आपली अक्कल चालवचो नाय."

चौगुल्याने मशीनची आपोआप सुधारणा बंद करवली. "काळं आलं तर पैसे परत मिळणार नाहीत, ताई."

"काळा येवचाच आसा."

आलं. हळद हळदीसारखी, शालू रक्तासारखा लाल, रंग चोख. पण वर्षालीचं तोंड म्हणजे अमावास्या. नथ तेवढी चमकत होती, नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो काही कळेना.

चौगुले हसला नाही, पण हसल्यासारखं बोलला. "म्हटलं नव्हतं? काळ्या माणसाला उजळावंच लागतं."

हे वाक्य सुगंधाला घाटभर टोचत राहिलं. तो फोटो तिने मांडीवर ठेवला होता, खिडकीतून उजेड आला की बघायची. रंग बरोबर आहे. मग हरवलं काय? बस कणकवलीच्या अलीकडे आली तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो उजेडच होता. पावसासाठी गाळ्यासमोर निळं प्लास्टिक बांधलेलं, त्यामुळे आत काळोख, आणि काळोखात दिसावं म्हणून ती स्क्रीन भसाभस उजळ ठेवून बसायची. कंदिलासारखा पेटलेला स्क्रीन. त्यावर वर्षाली जास्तच उजळ दिसायची, म्हणून फोटो हिनेच गडद केला होता. कागदाला स्वतःचा दिवा नसतो. आणि स्वस्त यंत्राने तर आधीच सांगून ठेवलं होतं की उजेडाचं तुझं तू बघ.

घरी आली तशी ती स्टुलावर चढून प्लास्टिक सोडायला लागली.

"गो, पाऊस आत येतलो," यशोदा म्हणाली.

"येवंदे. पाऊस पुसूक येता."

दारातला साधा दिवसाचा उजेड आत आला. तिने कोरा फोटोकागद मॉनिटरशेजारी टेकवला, स्क्रीनवर नुसतं पांढरं आणलं, आणि कागदाचं पांढरं नि स्क्रीनचं पांढरं एकसारखं होईपर्यंत उजेड खाली आणला. इथे शिळं व्हायला काही नव्हतं. बसल्याजागी दोनदा यंत्र लावून रंग तपासले. मग वर्षालीला परत उघडलं, आणि काळोखात बुडालेली वर्षाली तिला स्क्रीनवरच दिसली, जशी ती छापून आली होती तशीच. पहिल्यांदाच स्क्रीन आणि कागद एक बोलले. आता काय करायचं ते सोपं होतं. रंगाला हात न लावता तिने नुसता उजेड वाढवला. कपाळावर, गालाच्या हाडावर, हनुवटीवर ती चमक परत आली.

चतुर्थी तोंडावर आली असताना ती परत कोल्हापूरला गेली. चौगुल्याने कपाळाला हात लावला, पण आधी एक फोटो छापून दिला. दारात नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"बरी आलीय," तो म्हणाला. "पण ताई, असं गिऱ्हाईक घेणार नाही."

"गिरायकानच मागल्यान. आणि चौगुलेनु, त्या तोंडाक उजेड व्हयो होतो. तुमी चुनो फासलास."

गौरीच्या दिवशी सुगंधा स्वतः नव्याने छापलेला सगळा अल्बम घेऊन शिरोड्याला गेली. ओवसा आटोपला होता, सुपं भिंतीला लावलेली, आणि लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओटीवर, बायकांचा घोळका. वर्षालीने पहिलं पान उघडलं, नीट बघितलं, आणि सुगंधाकडे बघून मान डोलावली. मग अल्बम बायकांच्या मधोमध ठेवला.

सासू सुशीलाकाकी पुढे सरकली. "ही कशी काळी इली गो?"

"आये, मी आसंय तशी इलंय."

"पयलो अल्बम बरो होतो. सुनेचा तोंड उजळ होता. आता मुंबयचे लोक काय म्हणतले?"

वर्षाली उठली, आत गेली आणि तो पहिला अल्बम आणून सासूच्या मांडीवर ठेवला. "ही घेवा तुमची गोरी सून. कपाटात ठेवा, उन्हात काढू नकात. भाकऱ्यो मात्र तिच्याकडसूनच भाजून घेवा."

एका म्हातारीला हसू आवरेना, तिने पदर तोंडात कोंबला. सुशीलाकाकी लाल झाली. भांडण आता पेटणार म्हणून सुगंधाने पायात चप्पलही सरकवली होती. पण काकीचं लक्ष अल्बमकडे गेलं. नव्या अल्बमात ती स्वतः होती, विहीण म्हणून मानाने बसलेली. काळीच. पहिल्या अल्बमात तीही पिठात घोळवलेली होती आणि कुंकू गुलाबी पडलं होतं. इथे कपाळावर कुंकू असं होतं की बोट लावलं तर बोटाला येईल.

काकीने पान उलटलं, परत मागे आली.

"माझा कुंकू बरा दिसता हेच्यात," ती शेवटी म्हणाली. मग हार मानली असं कोणाला वाटू नये म्हणून लगेच पुढे, "पण नाक मोठा केलस माझा."

"काकी, रंगाची जबाबदारी माझी," सुगंधा म्हणाली. "नाकाचा देवाक इचारा."

भिंतीवर लावायला मोठा फोटो निवडायची वेळ आली तेव्हा सासू-सुनेची परत जुंपली, पण रंगावरून नव्हे. काकीला आपण असलेला फोटो हवा होता.

त्या वर्षी सुगंधाच्या हातून लग्नांची काही कामं गेली. "काळी काडता ती," असं तिचं नाव सावंतवाडीपर्यंत पोचलं, आणि पोचवणारे कोण ते वेगळं सांगायला नको. गाबीतवाडा मात्र हलला नाही. उलट फोटो काढून घ्यायला कधी न येणाऱ्या पाटीवाल्या बाया येऊन राखाडी पडद्यापुढे बसू लागल्या. यशोदा तर एक पैसाही न देता तीनदा बसली.

चौगुले दर अल्बमाला एकदा फोन करतोच. "ताई, या खेपेला थोडं उजळ करू का? गिऱ्हाईक खूश होईल."

"हात लावन बघा," सुगंधा म्हणते. "पयल्या एसटीन घाट चढतंय."